लुसी त्या दिवशी काय म्हणाली

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही, कन्फेशनच्या जाळीपलीकडे बसलेल्या फादरलाही नाही. तिथं मी नेमानं जातो. राग आला, प्रार्थना चुकली, खोटं बोललो, असं ठरलेलं सांगून मोकळा होतो. खोटं बोललो म्हणताना दर वेळी वाटायचं, आता फादर विचारतील, कसलं खोटं? कुणी कधी विचारलं नाही. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही ऐकाल आणि मध्येच माझ्या खांद्यावर हात ठेवणार नाही, म्हणून असेल.

कतारमध्ये, दोह्यात, आम्हा वसईच्या ख्रिस्ती लोकांचा एक प्रार्थनागट आहे. ऑफिसात हिशेब लिहिणारे, हॉस्पिटलात काम करणारे, दोन-तीन इंजिनियर, आणि सगळ्यांच्या बायका-मुलं. या गटात एक गोष्ट सांगितली जाते. ईस्टरआधीचा उपवासकाळ आला, की हमखास. दोन हजार साली आपण आदिवासींची क्षमा मागितली. एका वारली बहिणीला खुर्चीवर बसवलं, तिच्यापुढे गुडघे टेकले, आणि तिनं डोळ्यांत पाणी आणून आपल्या भाषेत म्हटलं — मी तुम्हाला माफ केलं. एवढं झालं की सगळे डोळे मिटतात. मीही मान खाली घालून बसतो. लोकांना वाटतं, मायकलला अजूनही भरून येतं.

ती असं म्हणालीच नव्हती. डोळ्यांत पाणीही नव्हतं. ती जे म्हणाली ते फक्त मला ऐकू आलं होतं. पण ती कोण हे सांगायला हवं, आणि त्याआधी — हो, टाळून चालणार नाही — माझी आई कोण हे.

माझी आई वारली आदिवासी होती.

हे वाक्य मी पहिल्यांदाच लिहितोय. वाटलं होतं जमणार नाही. तसं काही झालं नाही. माझ्या आजोबांची केळीची आणि पानवेलीची वाडी होती. वाडीवर डोंगराकडची वारली माणसं कामाला यायची. त्यांच्यातल्या एका मुलीशी माझ्या वडिलांनी लग्न केलं. मिशनच्या सिस्टरांनी तिला आधीच बाप्तिस्मा दिलेला होता, त्यामुळे फादरची हरकत नव्हती. हरकत घरच्यांची होती. वडील वेगळे झाले, दुसऱ्या गावात घर केलं, आणि तिथं सांगितलं की बायको मुंबईच्या अनाथाश्रमातली आहे. अनाथाश्रम चालतो, पाडा चालत नाही. का, ते मला कुणी समजावलं नाही, आणि मला विचारावंही लागलं नाही.

आमच्याकडे, म्हणजे सगळ्याच वाड्यांवर, गड्यांना चहा करवंटीत मिळायचा. नारळाची अर्धी करवंटी, ओट्याच्या खालच्या पायरीवर उलटी ठेवलेली. गडी यायचा, ती सुलटी करायचा, आणि वरून चहा ओतला जायचा, भांडं करवंटीला लागू न देता. आमच्या घरी तो चहा आई ओतायची. स्वतःच्या माणसांना, त्याच उंचीवरून. ओतताना ती त्यांच्याशी त्यांच्या बोलीत बोलायची, अगदी हळू. मी ओट्यावर बसून ऐकायचो. ती बोली मला तशी आली — कुणी न शिकवता. पुढे मी शाळेत गेलो, कॉलेजात गेलो, कतारला आलो, आणि ती बोली मला येते हे विसरून गेल्याचं नाटक इतकं छान वठवलं की ग्रेटाला, माझ्या बायकोलाही, पत्ता लागला नाही. तिलाही मी सासूचा अनाथाश्रमच सांगितला होता.

लुसी आली ती नव्वदच्या दशकाच्या शेवटी. नर्स म्हणून. ती यायच्या आधी आईचा फोन आला होता. आई फोनवर फार बोलत नसे. म्हणाली, "माझ्या भावाची पोर येते तिकडं. बघ जरा तिच्याकडं." मामेबहीण! आता ही सगळ्यांदेखत मला दादा म्हणणार, आईचं नाव घेणार, आणि खलास.

पण ती माझ्यापेक्षा शहाणी निघाली. गटाची सहल समैस्माला समुद्रावर गेली होती. पुरुष कोळसे पेटवत होते, बायका मुलांच्या मागे धावत होत्या. लुसी पाण्याच्या कडेनं चालत माझ्याजवळ आली, समुद्राकडे बघत म्हणाली, "मायकलदादा, तू मला वळखत नाय, मी तुला वळखत नाय. बरं?" मी म्हटलं, "बरं." ती पुढे गेली. एवढाच आमचा करार. तिलाही तो हवा होता. नर्सिंगच्या होस्टेलमध्ये तिचं ताट वेगळं ठेवायचे, हे तिनं मला नंतर कधीतरी सांगितलं. इथं ती डहाणूकडची, वडील रेल्वेत, एवढंच सांगायची. वडील रेल्वेत खरोखरच होते, गँगमन. कुणी खोलात शिरलं नाही.

आणि ती आमच्यात अशी मिसळली की काय सांगू. बावतीसकाका हे गटाचे प्रमुख, वयानं आणि मानानंही. ओल्ड एअरपोर्टला त्यांचा फ्लॅट, वरून विमान गेलं की प्रार्थना थांबवावी लागे. त्यांच्या मरियाकाकूंच्या स्वयंपाकघरात लुसी घरच्यासारखी वावरायची. नाताळचे फुगे, म्हणजे मैद्याचे गोल वडे, तळायला बसली की कढई तिच्या हातात. काकू तिला ओरडायच्या, "अगं लुसी, जाळतेस काय?" आणि ती उलट म्हणायची, "काकू, तुमचंच पीठ ढिलं." दुसऱ्या कुणी असं म्हटलं असतं तर काकूंनी आठवडाभर बोलणं टाकलं असतं. लुसीवर त्या हसायच्या. त्या ओरडण्याची किंमत लुसीला ठाऊक होती. मलाही होती, म्हणून तर हे लिहायचं.

दोन हजार साल जुबिली वर्ष होतं. जगभर चर्च आपल्या जुन्या चुकांची क्षमा मागत होतं, आणि आमच्या फादरांनी प्रवचनात विचारलं, वसईच्या माणसांनी कुणाची क्षमा मागायची आहे? प्रश्न चांगला होता. लोक खरंच हलले. बावतीसकाका उभे राहून म्हणाले, आमची निम्मी वाडी वारल्यांच्या जमिनीवर आहे, कवडीमोलानं घेतलेली. असं चारचौघांत बोलायला छाती लागते. मी त्या माणसांची टिंगल करायला बसलेलो नाही. त्यांचं मन स्वच्छ होतं. माझं नव्हतं, एवढाच फरक.

ठरलं असं: उपवासकाळातल्या एका शुक्रवारी क्षमायाचनेची प्रार्थना करायची. आपण सर्वांनी करवंटीत चहा प्यायचा आणि आदिवासी पाहुण्याला चिनी मातीच्या कपात, गुडघे टेकून द्यायचा. केरळी दुकानातून नारळ आले. बायकांनी खोबरं वाया जाऊ नये म्हणून वड्या केल्या. गॅरेजात काम करणाऱ्या एकानं करवंट्या पॉलिश पेपरनं घासून अशा गुळगुळीत केल्या की शोकेसमध्ये ठेवाव्यात. कुणाच्या तरी बायकोनं वारली चित्रांच्या उशांचे अभ्रे आणले. तयारी जोरात होती. फक्त आदिवासी नव्हता.

हे काकांच्या फ्लॅटवर कमिटीच्या बैठकीत लक्षात आलं. फादर म्हणाले, क्षमा मागायची, पण समोर कोण? कुणी म्हणालं, रिकामी खुर्ची ठेवू. कुणी म्हणालं, मिशनला देणगी पाठवू. माझ्यासारखा माणूस अशा वेळी वड्यांचं कौतुक करतो, तसं मी करत होतो. आणि बावतीसकाका माझ्याकडे वळले. "मायकल, तुझी आई आश्रमातली ना रे? सिस्टर लोकांकडं वारल्यांच्या पोरीही असायच्या. तिच्या ओळखीचं कुणी इकडं गल्फमध्ये असेल का?"

साधा प्रश्न. त्यात काही नव्हतं — आज मला खात्री आहे. पण त्या क्षणी मला वाटलं, म्हाताऱ्याला कळलंय. सगळे माझ्याकडे बघतायत असं वाटलं. आणि माझ्या तोंडातून निघालं, "आपली लुसी वारलीच आहे की."

कुणी मला धमकावलं होतं का? कुणी हात पिरगळला होता? "नाही काका, कुणी नाही," एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. एक विमान वरून गेलं आणि सगळे ते जाईपर्यंत थांबले. मग मरियाकाकू चहा घेऊन आल्या होत्या त्या तिथंच उभ्या राहून म्हणाल्या, "आपली लुसी?" त्यांच्या आवाजात राग नव्हता, तिटकारा नव्हता. नुसतं आश्चर्य होतं. पण त्या दोन शब्दांत ‘आपली’ मागे पडली हे मला दिसलं.

फादर आणि काका तिला भेटायला गेले. तुम्हाला कुणी सांगितलं, असं तिनं विचारलं म्हणे. त्यांनी माझं नाव घेतलं नाही. घ्यायची गरजही नव्हती — या शहरात हे जाणणारा माणूस एकच होता. ती एका वाक्यात हिशेब चुकता करू शकली असती. मायकलची आई माझी आत्या आहे, त्यालाच बसवा खुर्चीवर, असं. ती म्हणाली, "येईन." मी तेव्हापासून तिला टाळायला लागलो. प्रार्थनेला उशिरा जायचो, लवकर निघायचो. ग्रेटानं विचारलं तर ऑफिसचं काम सांगायचो.

त्याच दिवसांत आई आजारी पडली. श्वास पुरत नव्हता, भाऊ तिला दवाखान्यात नेत-आणत होता. मी गटात सांगितलं. दर शुक्रवारी मायकलच्या आईसाठी म्हणून प्रार्थना व्हायची, रांगेत तिसरी-चौथी, कुणाच्या तरी व्हिसानंतर आणि कुणाच्या तरी परीक्षेआधी. लोक आमेन म्हणायचे. मग जेवण.

तो शुक्रवार उजाडला. तेव्हा दोह्यात चर्चची इमारत नव्हती, भाड्याच्या व्हिलाच्या हॉलमध्ये आम्ही जमायचो. लुसीला कमिटीनं सुचवलं होतं की तुमच्याकडच्या बायका नेसतात तशी साडी नेस. ती ड्यूटीवरून थेट आली, पांढऱ्या युनिफॉर्ममध्ये, छातीवर नावाची पट्टी. खुर्चीवर बसली, अभ्र्यांवरच्या नाचणाऱ्या माणसांच्या मधोमध. बावतीसकाकांनी क्षमायाचना वाचली. लोक खरोखर रडत होते. मी पाहत होतो की ती प्रत्येकाच्या तोंडाकडे नीट बघतेय, पेशंटकडे बघावं तशी.

कप द्यायचा मान मला होता. माहिती मी दिली, म्हणून मला — असं काकांना वाटलं. मी गुडघे टेकले. वसईच्या जमीनदारांच्या वतीनं! कप पुढे केला. बशी खडखडत होती, ती तिनं खालून हातानं धरली, आणि वाकून, फक्त मला ऐकू जाईल असं म्हणाली,

"आयस बरी हाय का तुजी?"

एवढंच. तुझी आई बरी आहे का. ज्याला मराठी येतं त्या कुणालाही कळलं असतं. दोह्यात इतक्या आठवड्यांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. आणि तिनं तो टोमणा म्हणून विचारला नव्हता. मी तिचा चेहरा बघितला आहे, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. तिची आत्या होती ती. त्या हॉलमध्ये आईची काळजी असलेली दोनच माणसं होती, आणि ती दोघं एकमेकांना ओळखत नव्हती.

मागून फादरांनी विचारलं, "काय म्हणाली ती?"

मी म्हटलं, "त्यांच्या भाषेत काहीतरी म्हणाली, फादर. मला नाही समजत ती."

त्यांच्या भाषेत. मी हे मोठ्यानं म्हटलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. तिलाही गेलं. तिनं कप बशीत सरळ केला, जरासुद्धा आवाज न करता. मग कुणीतरी बाई मागून म्हणाली, "माफ केलं म्हणाली असेल." फादरांनी माझ्याकडे बघितलं. "तसंच ना, मायकल? चेहऱ्यावरून तरी तसं वाटलं?" आणि मी मान हलवली.

बस. कबुली द्यायची ती या मान हलवण्याची. लुसीचं नाव सांगितलं ती भीती होती, बोली नाकारली तीही भीतीच. पण क्षमा केल्याची मान मी सावकाश हलवली, विचार करून. मला दिसत होतं की लोकांना क्षमा हवी आहे आणि ती दिली की सगळं संपेल. जी माझ्याकडे मागितलेली नव्हती, जी तिनं दिलेली नव्हती, ती मी वाटून टाकली. टाळ्या झाल्या. सगळ्यांनी गुळगुळीत करवंट्यांतून चहा घेतला. काहींच्या गळत होत्या, शर्टांवर डाग पडले, हशा झाला. लुसीनं चहा प्यायला की नाही ते मला आठवत नाही. खरं तर मी बघितलंच नाही.

त्यानंतर लोक तिच्याशी फार चांगले वागले. तिला पहिल्या रांगेत जागा. तिच्यासाठी जुने पण चांगले कपडे, गावी पाठवायला. नाताळला ती फुगे तळायला आली तेव्हा मरियाकाकूंनी तिच्या हातातला झारा काढून घेतला आणि म्हणाल्या, "तू बस गं. तू पाहुणी." ती बसली. काकू तिला पुन्हा कधी ओरडल्या नाहीत. थोड्याच दिवसांत ती अल रय्यानकडे राहायला गेली, लांब पडतं म्हणाली, चर्चच्या इंग्रजी प्रार्थनेला, मिस्सेला, जायला लागली. पुढे ती आयर्लंडला गेल्याचं कुणीतरी सांगितलं. गटात सगळ्यांना वाईट वाटलं. एवढं केलं आपण, असंही एक-दोघं म्हणाले.

आई त्या क्षमेच्या शुक्रवारनंतर लवकरच गेली. मी पोचलो तेव्हा माती द्यायची बाकी होती. डोंगराकडची माणसं आली होती, कब्रस्तानाच्या भिंतीबाहेर उभी. त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्यानं मला हाक मारली, बहुतेक लुसीचे वडील. मी ऐकू न आल्यासारखं केलं. आता सरावाचं झालं होतं.

एवढ्यावर तरी थांबावं की नाही? पुढे दोह्यात चर्चची इमारत उभी राहिली, मोठी थोरली, आणि आमच्या गटाला तिथं एक खोली मिळाली. मुलांचा कार्यक्रम होता. गटाची गोष्ट मुलांनी स्टेजवर सांगायची. निकोल, माझी मुलगी, तेव्हा शाळेत होती. मराठी तिला कळतं, उत्तर इंग्रजीत येतं. ती माझ्याकडे आली. तिला ते वाक्य मूळ भाषेत हवं होतं. "पप्पा, यू वेअर देअर ना? व्हॉट डिड शी से, एक्झॅक्टली?"

मी आठवून पाहिलं. आई कुणाला माफ केलं असं कधी म्हणालीच नव्हती. तिच्या बोलीत त्याला काय म्हणतात ते मला ठाऊक नाही. तिनं माझ्यादेखत तो शब्द कधी वापरला नाही. तेव्हा मी एक वाक्य बनवलं. आईच्या बोलण्यातले दोन-तीन शब्द घेतले, तिच्या हेलात जुळवले, आणि मुलीला शिकवलं. तिला हेल पटकन जमला. मी म्हटलं, शाब्बास.

कार्यक्रमात तिनं केसांत रिबीन बांधून, हात जोडून ते वाक्य म्हटलं. हुबेहूब आईचा आवाज. समोर बसलेल्या कुणालाही ते कळलं नाही आणि सगळ्यांना ते आवडलं. बावतीसकाका म्हातारे झाले होते, त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. निकोलनं माझ्याकडे बघून अंगठा वर केला. तिला ठाऊक नाही की ती तिच्या आजीची भाषा होती, आणि त्या भाषेत तिनं म्हटलेलं ते पहिलं आणि शेवटचं वाक्य खोटं होतं. आज ती मोठी आहे, परदेशात शिकते. मी तिला सांगितलेलं नाही. हे वाचूनही तिला कळणार नाही, ती मराठी वाचत नाही.

लुसीचा पत्ता मिळवणं अवघड नाही. मी मिळवलेला नाही. मिळवून काय म्हणायचं? तिनं मला जे विचारलं होतं, त्याचं उत्तर मला त्या दिवशीही माहीत होतं, कप तिच्या हातात होता तेव्हा. सकाळीच भावाचा फोन येऊन गेला होता.

नाही, लुसी. बरी नाही.